पीएफ 'सोडवून' घ्यायला निघालेल्या माझ्या भाच्यासाठी

"नोकरी बदलताच पीएफ काढा, नाहीतर बुडाला!" हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय आणि मी तो न वाचता पुसत आलेय. परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, चाकणचं सोडलं, रांजणगावला लागलो. आई म्हणते आधी पीएफ काढून घे. फॉर्म 19, तो सगळा पीएफ काढायचा अर्ज, भरू का?" ताईला तो मेसेज भजनी मंडळाच्या ग्रुपवर मिळालेला. अठरा वर्षं मी कारखान्यांच्या एचआरमध्ये काढली आणि माझ्याच घरात ही गत. म्हणून लिहायला बसले.

मेसेजात चार दावे आहेत. नोकरी सुटली की व्याज बंद होतं. तीन वर्षांनी सरकार रक्कम जप्त करतं. नव्या कंपनीला जुना यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) सांगू नका, म्हणजे पैसे पटकन सुटतात. आणि काढलेल्या पैशावर कर लागत नाही.

व्याजाचं एके काळी खरं होतं, हे मान्य करायला हवं. एप्रिल 2011 पासून, तीन वर्षं हप्ता न पडलेल्या खात्यांचं व्याज थांबवलं होतं. पण नोव्हेंबर 2016 मध्ये पीएफ योजनेचा परिच्छेद 72(6) बदलला. आता खातं निष्क्रिय ठरतं ते माणूस पंचावन्न वर्षांनंतर निवृत्त झाला, कायमचा परदेशी गेला किंवा वारला, आणि त्यानंतर 36 महिन्यांत कुणी रकमेसाठी अर्जच केला नाही, तर. माझा भाचा एकोणतीस वर्षांचा आहे. 2024-25 चा व्याजदर 8.25 टक्के होता आणि तो त्याच्या जुन्या खात्यालाही लागू आहे. इतकी वर्षं झाली तरी लोक 2016 च्या आधीचा नियम आजचा म्हणून पुढे ढकलतायत.

जप्तीची भीती याच परिच्छेदाने निकालात निघते. खातं निष्क्रिय झाल्यावरही सात वर्षं कुणी फिरकलं नाही, तर रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथूनही पुढची पंचवीस वर्षं ती मागता येते. याला जप्ती म्हणत नाहीत.

यूएएन लपवायचा सल्ला वाचून मात्र माझा संताप झाला. सगळी रक्कम काढायची सोय आहे ती बेकार राहिलेल्या माणसासाठी. नव्या नोकरीत पहिल्या दिवशी हजेरी लावून 'मी बेकार आहे' असा अर्ज करणं म्हणजे खोटं लिहून देणं. यूएएन आधारला जोडलेला असतो, त्यामुळे लपवालपवीतून निघतात ते फक्त घोळ. दोन नंबर, दोन पासबुकं आणि ती एकत्र करायला आकुर्डीच्या पीएफ ऑफिसच्या खेपा. अशी पोरं माझ्या टेबलासमोर दर महिन्याला येतात.

आता जे कुणीच सांगत नाही ते. पीएफच्या खात्याबरोबर ईडीएलआय नावाचा विमा असतो. त्याचा हप्ता कंपनी भरते, कामगाराच्या पगारातून एक पैसा कापला जात नाही. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना सरासरी मासिक पगाराच्या 35 पट मिळतात. त्यासाठी पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात, म्हणजे 5 लाख 25 हजार. शिवाय मागच्या बारा महिन्यांत पीएफ खात्यात जी सरासरी शिल्लक होती तिच्या निम्मे, जास्तीत जास्त पावणेदोन लाख. मिळून कमाल 7 लाख.

आमच्याकडे एक फिटर होता. आधीची कंपनी सोडताना त्याने तीन लाख काढले आणि मोटरसायकल घेतली. सव्वा वर्षाने तो अपघातात गेला. त्याच्या बायकोला समोर बसवून मी फॉर्म भरला. खात्यात सरासरी शिल्लक चाळीस हजार, म्हणून तो हिस्सा आला वीस हजार. ते तीन लाख न काढता नव्या कंपनीच्या पीएफ खात्यात ट्रान्सफर केलेले असते तर याच रकान्यात दीड लाख जास्त आले असते. तिने मला विचारलं, "मॅडम, एवढेच का?" तिला हा हिशेब सांगायचं माझ्याच्याने झालं नाही.

कराचं दोन वाक्यांत. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलेला पीएफ करपात्र असतो, आणि रक्कम पन्नास हजार किंवा जास्त असेल तर पॅन देऊनही 10 टक्के टीडीएस कापतात. खातं ट्रान्सफर केलं की जुन्या कंपनीतली वर्षंही त्या पाचांत मोजली जातात.

मेसेजाखाली कुणीतरी लिहिलंय, 'एचआरवाले मुद्दाम पीएफ अडवतात.' यात तथ्य आहे, नाही म्हणणार नाही. सोडून गेलेल्या माणसाची एक्झिट डेट भरायचं काम आमचे लोक महिनोन् महिने लांबवतात आणि तोवर त्याचं सगळं अडून राहतं. पण 2020 पासून शेवटचा हप्ता पडून दोन महिने झाले की ती तारीख पोर्टलवर स्वतः भरता येते. नावात किंवा जन्मतारखेत फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा, कारण बहुतेक अर्ज तिथेच अडकतात.

भाच्याने पासबुकाचा फोटो पाठवला. दोन लाख अकरा हजार. फोनवरच त्याच्याकडून फॉर्म 13, म्हणजे ट्रान्सफरचा अर्ज, भरून घेतला आणि नॉमिनी कोण आहे ते बघायला लावलं. तो रकाना कोरा होता. लग्नाला दोन वर्षं झाली आहेत त्याच्या.