गाठीत टोचलेली लस : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या विषाणुविरोधी लशी कॅन्सरवर वापरून पाहण्याविषयी मी लिहिलं, त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. हे सगळं उंदरांवरचं आहे. त्यात दम असता तर औषध कंपन्यांनी केव्हाच हात घातला असता. आणि असलं काही वाचून एखादा रुग्ण केमो सोडून फ्लूची लस घ्यायला धावेल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, म्हणून आधी तोच. दंडावर घेतलेली फ्लूची लस कॅन्सर बरा करत नाही. ती घ्यायची ती फ्लू टाळण्यासाठी, आणि डॉक्टरांना विचारून. गाठीतच लस टोचणं ही फक्त क्लिनिकल ट्रायलमध्ये, तज्ज्ञांच्या हातून करायची गोष्ट. चालू उपचार कुणीही सोडू नयेत.

आता उंदरांबद्दल. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या गटाने 2020 मध्ये फ्लूची नेहमीची निष्क्रिय (मारलेल्या विषाणूची) लस उंदरांच्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, गाठीत टोचली. या गाठी ‘थंड’ होत्या, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी त्यांच्याकडे फारशा फिरकत नव्हत्या. लशीनंतर टी-पेशी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारू शकणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, आत शिरल्या आणि गाठींची वाढ मंदावली. पण मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. लशीचा जोर वाढवण्यासाठी तिच्यात मिसळतात तो अ‍ॅडज्युव्हंट घातलेली लस वापरली, तेव्हा हा परिणाम दिसलाच नाही! त्या लशीने गाठीत प्रतिकार दाबणाऱ्या बी-पेशी वाढवल्या होत्या. म्हणजे फ्लू रोखायला जी लस जास्त जोरकस, तीच इथे कुचकामी. कपाटातली कुठलीही लस उचलून टोचली की झालं, असं हे प्रकरण नाही. उंदरांवर आधी काम का करावं लागतं, तेही यातूनच कळतं.

शिवाय सगळंच उंदरांवरचं नाही. ड्यूक विद्यापीठात सेबिन यांच्या पोलिओ लशीतला विषाणू जनुकीय बदल करून ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा जीवघेणा कॅन्सर उलटलेल्या 61 रुग्णांच्या मेंदूतल्या गाठीत सोडला गेला. 2018 मधल्या अहवालानुसार तीन वर्षांनी 21 टक्के रुग्ण हयात होते. तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या रुग्णांमध्ये हे प्रमाण 4 टक्के होतं. ही तुलना जुन्या नोंदींशी आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, आणि लसही मूळची राहिली नव्हती. म्हणून मी हिला सिद्धता म्हणत नाही. पण दुर्लक्षही करवत नाही. बीसीजी ही क्षयाची लस विषाणूची नव्हे, जिवाणूची. तरी मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये तिचा वापर कॅनडातले डॉक्टर मोरालेस यांनी 1976 मध्ये मांडला, अमेरिकेत 1990 मध्ये मान्यता मिळाली, आणि आज तो प्रस्थापित उपचार आहे.

राहिला कंपन्यांचा मुद्दा. पेटंट संपलेल्या, स्वस्त लशीवर मोठी ट्रायल करायला प्रचंड पैसा लागतो आणि परतावा जवळपास नसतो. कंपनी पुढे आली नाही, एवढ्यावरून कल्पना फोल ठरत नाही. अशा ट्रायल सार्वजनिक पैशातून व्हायला हव्यात, हे माझं ठाम मत आहे.

उदाहरण रोटाव्हायरसच्या, म्हणजे बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूवरच्या, लशींचं. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं की त्या गाठीत टोचल्या, तर न्यूरोब्लास्टोमा झालेल्या उंदरांमध्ये चेकपॉइंट औषधांचा (ही रोगप्रतिकारशक्तीवरचे ब्रेक काढतात) थंडावलेला परिणाम जागा होतो. न्यूरोब्लास्टोमा हा लहानग्यांचा कॅन्सर, आणि या लशी तान्ह्या बाळांनाच दिल्या जातात, त्यामुळे त्या वयातल्या सुरक्षिततेची माहिती हाताशी आहे. केमोने प्रतिकारशक्ती खचलेल्या मुलाला या लशींतला जिवंत विषाणू देण्यातला धोका वेगळा, तो तपासावाच लागेल. पण नफा नाही म्हणून तपासूच नका, असं त्या मुलांच्या आईवडिलांना सांगायला मी तयार नाही.