पूलच्या भिंतीतलं फिटिंग कायमचं बिघडवण्याची रीत

अभिनंदन! नळाला पाणी कधी येणार, हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारावं लागतं त्या मराठवाड्यात तुमच्या फार्महाऊसवर चक्क स्विमिंग पूल आहे. आणि आता त्याच्या भिंतीतलं, पाण्याच्या जोरावर तळ झाडत फिरणाऱ्या क्लीनरचं फिटिंग तुटलंय म्हणता? घाबरू नका. सातबाऱ्यावर पोटखराब लिहिलेल्या जागेत पूल बांधताना घाबरला नव्हता, आता कशाला?

आधी ते तुटायचं कसं, हे नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कष्ट वाचतील. क्लीनरला जोर देणाऱ्या बूस्टर पंपाचं पाणी ज्या दीड इंची पाइपातून येतं, त्याचं तोंड भिंतीत असतं. त्यात आट्यांवर प्लास्टिकचं फिटिंग बसतं आणि त्यावर क्लीनरचा होज. होजचा कपलर जरासा फिरवला की अलगद सुटतो. पण अलगद सुटणारी वस्तू अलगद सोडवली तर पाव्हण्यांसमोर आपली ताकद कशी दिसणार? म्हणून होज दोन्ही हातांनी धरून ओढावा. मेहुण्याच्या पोरांना त्याच फिटिंगवर पाय देऊन वर चढू द्यावं. शिडी हाताच्या अंतरावर आहे, पण शिडी काय म्हातारी माणसं वापरतात. सोबत क्लोरीन अंदाजपंचे ओतत राहिलात, की प्लास्टिक ठिसूळ व्हायला हातभार लागतो.

पुढचा तुकडा हातात आणि आट्यांचं कडं भिंतीत, अशी वाटणी झाली की खरी मजा. बोअरच्या जड पाण्यानं त्या आट्यांत पांढरा क्षार भरलेला असतो, तुमच्या गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. त्यामुळं कडं नुसतं फिरवून निघत नाही. जाणकार माणूस इथं पंप बंद करतो, व्हॉल्व्ह बंद करतो, हेक्सा ब्लेडचा तुकडा घेऊन कड्याला आतून हलकेच दोन चिरा देतो. भिंतीतल्या आट्यांना ब्लेड लागू देत नाही. मग पकडीनं कडं आत दुमडून काढून घेतो. हे सगळं पाण्यात हात घालूनही होतं. पण ह्याला काय काम म्हणायचं? बघायला चार माणसंसुद्धा जमत नाहीत.

तुम्ही पूल रिकामा करा. १० मीटर बाय ५ मीटर, सरासरी १.२ मीटर खोल, म्हणजे ६० हजार लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. हिशोब केला तर एक अख्खी वाघीण तुमच्या पुलात मावते आणि वर जागा उरते. हिशोब करू नका. पाणी रस्त्यावर सोडा. शेजारच्या रानात मात्र नको. त्यात क्लोरीन आहे म्हणून नव्हे, शेजारी भाऊबंद आहे म्हणून.

आता प्लंबर बोलवा. त्यानं जन्मात पूल पाहिलेला नसावा, एवढी एकच अट. तो कोरड्या पुलात उतरेल, बोटानं फिटिंग टोकरेल आणि म्हणेल, "मालक, हे आतूनच गेलंय बगा. फोडावंच लागतंय." पिशवीत छन्नी-हातोडाच आणला असेल तर निदान दुसरं कुठून येणार? फोडू द्या. आधी टाइल्स, मग काँक्रीट, हात बसला तर पाइपही. त्या निळ्या टाइल्स आता त्याच शेडमध्ये मिळतात का, हे फोडून झाल्यावर विचारायचं असतं.

नवं फिटिंग बसवायला टेफलॉन टेपचे तीन-चार वेढे आणि हातानं आवळणं पुरतं. पुरतं, म्हणूनच करायचं नाही. आट्यांना पीव्हीसीचं सोल्युशन फासा आणि वरून मोठ्या पान्यानं आवळा. करकर आवाज आला की अजून अर्धा फेरा. पुढच्या वेळी ते निघणार नाही, आणि पुढची वेळही लवकर येईल. जुन्या फिटिंगमधली दाब कमी करणारी चकती तेवढी फेकून द्या. मग क्लीनर आपलं नळीचं शेपूट पाण्याबाहेर काढून खुर्चीवरच्या पाव्हण्यांना न्हाऊ घालतो, करमणुकीचा वेगळा खर्च नाही.

मग टँकर मागवा, १२ हजार लिटरचे पाच. पहिला टँकरवाला विचारेल, "दादा, प्यायला का वापरायला?" उत्तर देत बसू नका. फाटक उघडा, कळेल त्याला.

राहता राहिलं चालू करणं. मुख्य फिल्टर पंप सुरू असल्याशिवाय बूस्टर लावायचा नसतो, नाहीतर तो कोरडा फिरून जळतो. तुम्ही थेट बूस्टरचंच बटण दाबा. वाइंडिंगवाल्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये 'बोअर मोटर' नावानं असेलच.