कोर्टातून सुटतात, गेटवर अडकतात

कल्याणीनगरच्या अपघातानंतर पुण्यात एक पंचाईत झाली आहे. तुरुंगाऐवजी दुसरं काहीतरी, असं नुसतं म्हटलं तरी समोरचा हसून विचारतो, "किती शब्दांचा निबंध?"

लोकांचा राग कळतो मला. मे २०२४ मध्ये एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअरांचा जीव गेला आणि काही तासांत बातमी आली ती तीनशे शब्दांच्या निबंधाची. मीही भडकले होते. पण ती बाल न्याय मंडळाने घातलेली जामिनाची अट होती. खटला चालून झालेली शिक्षा नव्हती, प्रोबेशन (म्हणजे लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं) तर नव्हतंच नव्हतं. त्या आदेशाचा राग आता ज्यांच्यावर निघतोय ती पोरं वेगळीच आहेत. ती पीएमटीने कोर्टात येतात आणि त्यांची बातमी होत नाही.

मी शिवाजीनगर कोर्टात फौजदारी वकिली करते. तिथे रोज दिसणारी एक केस सांगते. वय एकोणीस, आधीचा एकही गुन्हा नाही, बसच्या गर्दीत मोबाइल मारला आणि सापडला. जामीन होतो, पण जामीनदार मिळत नाही. जामीनदार म्हणजे सातबारा नाहीतर घरपट्टीची पावती असलेला माणूस. जनता वसाहतीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने असा माणूस आणायचा कुठून? मग पोरगा येरवडा तुरुंगात, जिथे क्षमतेच्या दुपटीहून जास्त माणसं कोंबलेली. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चेच असतात, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. त्यात हा एक.

काही महिने जातात. मग बराकीतलाच कुणी जुना जाणता सांगतो, "कबूल करून टाक, अंडरगॉनवर सुटशील." म्हणजे गुन्हा कबूल करायचा आणि आत काढलेले दिवस हीच शिक्षा धरायची. यात सगळ्यांचीच सोय. कोर्टाची एक केस निकाली निघते, सरकारी पक्षाला साक्षीदार शोधत बसावं लागत नाही, आईला पोरगा संध्याकाळी घरी मिळतो आणि आमच्यातल्या काहींची फी त्याच दिवशी सुटते. (हे लिहिलं म्हणून उद्या बार रूममध्ये मला कुणी चहा विचारणार नाही. चालेल.) पोराच्या नावावर मात्र दोषसिद्धी चिकटली. ती काय असते हे त्याला त्या दिवशी कळत नाही. कळतं ते दोन वर्षांनी, सिक्युरिटी गार्डच्या नोकरीसाठी पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागतात तेव्हा.

हे टाळायचा रस्ता, म्हणजे प्रोबेशन, कायद्यात १९५८ पासून आहे. आपल्या मुंबई प्रांताने तर १९३८ मध्येच स्वतःचा प्रोबेशनचा कायदा केला होता, म्हणजे ही कुठली परदेशी फॅशन नाही. १९५८ च्या कायद्याचं कलम ४ सांगतं की फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात, गुन्हा सिद्ध झाल्यावरही, कोर्ट लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड घेऊन सोडू शकतं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. हा बॉण्ड जामीनदाराशिवायही होतो. फक्त पोराचा नाहीतर जामीनदाराचा राहायचा पक्का पत्ता किंवा कायमचा कामधंदा कोर्टाला दिसला पाहिजे. कलम ६ त्याहून पुढे जातं. आरोपी एकवीसच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर त्याला तुरुंगात का पाठवतोय याची कारणं कोर्टाने लिहून ठेवायची, आणि त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) पोराबद्दलचा अहवाल मागवायचा. आणि कलम १२: प्रोबेशनवर सुटलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही.

आता सांगा, अंडरगॉन बरं की हे?

तरीही आमचेच लोक ते मागत नाहीत. कारण अहवाल यायला तारखा लागतात आणि आत बसलेल्या पोराला प्रत्येक तारीख डोंगराएवढी. परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाचे. त्या विभागाचं आयुक्तालय इथेच, पुण्यात आहे. पण त्याच अधिकाऱ्यांच्या टेबलावर बाल न्याय मंडळाचे सामाजिक तपासणी अहवालही असतात. अठरा वर्षांवरच्या मोबाइलचोराचा नंबर त्यात कधी लागणार?

पण अहवाल नीट झाला तर काय होतं, ते मी पाहिलंय. एका पोराच्या गृहचौकशीला अधिकारी मॅडम आल्या. आईला वाटलं पोलिसच. तिने घाईघाईने पलंगावर नवी चादर टाकली, शेजारणी दारात जमल्या, "कोण आलंय गं?" सुरू झालं. मॅडम पटकन म्हणाल्या, "योजनेच्या फॉर्मचं आहे," आणि दार ओढून घेतलं. चोरीबद्दल त्यांनी फारसं विचारलंच नाही. पोरगा किती वाजता उठतो, घरात पैसे कोण सांभाळतं, बाप कुठे असतो, शाळा कुठल्या इयत्तेत सुटली, संध्याकाळी कुणाबरोबर बसतो, कुणाचं ऐकतो, हे सगळं तासभर. "कुणाचं ऐकतो?" यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गॅरेजवाल्या काकांचं."

ते काका सिंहगड रोडला टू-व्हीलरचं गॅरेज चालवतात. मी गेले तर म्हणाले, "मॅडम, स्पेअर पार्ट उघड्यावर असतात माझे. उद्या काही गेलं तर तुमच्याकडे येऊ का?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, या. ते थोडा वेळ प्लग साफ करत राहिले आणि म्हणाले, "ठेवतो. पण पहिले सहा महिने ट्रायलला गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही." अहवालात ओळ आली: मालक कामावर ठेवून घेण्यास राजी. माझ्या युक्तिवादापेक्षा त्या ओळीनेच काम केलं. पुढे मॅडमकडे द्यायच्या हजेरीवरून काकांची कुरकुर झाली, शनिवारी गिऱ्हाईक असतं आणि हा कसा जाणार म्हणून. गॅरेजची सुट्टी गुरुवारी, तर मॅडमनी हजेरी गुरुवारवर नेली. सरकारी माणसाने एक वार बदलला, आणि पोराची नोकरी टिकली.

कायद्याच्या कलम १४ मध्ये प्रोबेशनवरच्या माणसाला काम मिळवून द्यायला मदत करणं हे परिविक्षा अधिकाऱ्याचं कर्तव्यच लिहिलंय. पण काम अधिकाऱ्याच्या खिशात नसतं, ते तुमच्या-माझ्याकडे असतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "ड्रायव्हर, कामवाली, वॉचमन सगळ्यांचं व्हेरिफिकेशन झालंच पाहिजे" असा मेसेज येतो आणि आपण अंगठा दाखवतो. करा की व्हेरिफिकेशन. पण त्यात काही निघालं तर पुढे काय, हे कुठल्याच सोसायटीने ठरवलेलं नसतं. थेट नकारच. कलम १२ चा कागद दाखवला तरी सेक्रेटरी म्हणतात, "आम्हाला रिस्क नको." कायद्यातला कागद गेटवरच्या रजिस्टरपुढे हरतो.

हेही सांगते की कलम १२ म्हणजे जादूचा खोडरबर नाही. दोषसिद्धी पुसली जात नाही, तिच्यामुळे येणारी अपात्रता जाते. सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये "कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का" असं विचारलं तर खरंच लिहायचं. लपवलं तर ते लपवणंच नोकरीच्या मुळावर येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतारसिंग प्रकरणात यावर तपशिलात लिहिलंय, आणि कोवळ्या वयातल्या किरकोळ गोष्टींकडे नोकरी देणाऱ्याने त्याच नजरेने पाहावं अशी जागाही ठेवलीय. माझ्या पोरांना मी हे पाठ करायला लावते.

आता समाजसेवेची शिक्षा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्यात ती पहिल्यांदा शिक्षांच्या यादीत बसली. गुन्हे मोजकेच: बदनामी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, आणि पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी, तीही माल किंवा त्याची किंमत परत केली तर. आणखी दोन-तीन आहेत. पाच हजारांच्या आतला मोबाइल आज बसमध्ये किती जणांच्या खिशात असतो? म्हणजे आमचा पोरगा यातून बाहेरच. पुन्हा १९५८ चाच कायदा उघडायचा.

आणि समाजसेवा म्हटली की लोकांना एकच सुचतं, "झाडू मारायला लावा रस्त्यावर!" मला याचा फार राग येतो. पहाटे आपला कचरा उचलणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताया हेच काम पोटासाठी करतात. त्यांचं रोजचं काम तुमच्या लेखी शिक्षा आहे? ससूनच्या ओपीडीत खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्याला केसपेपर कुठे काढायचा ते दाखवा, पालखी मुक्कामी असते तेव्हा पाण्याच्या टँकरवर उभं राहा, असं काहीतरी द्या, जिथे समोरचा माणूस त्याला "बरं झालं बाबा, भेटलास" म्हणेल.

"आणि कोयते नाचवणारे?" हा प्रश्न येणारच. ज्याने कोयत्याने माणूस तोडला त्याच्यासाठी मी प्रोबेशन मागत नाही. पण त्या टोळक्यात मागे उभं राहून रील काढणारी, दगड मारून काचा फोडणारी अठरा-एकोणिसाची पोरं असतात. पोलिस त्यांची धिंड काढतात, त्याचा व्हिडिओ येतो, आपण खाली टाळ्या टाकतो. त्या धिंडीने पोरगा घाबरत नाही हो, गल्लीत फेमस होतो. आणि वर्षभर आत राहिला तर त्याला नवा भाई भेटतो, तो बाहेर आल्यावर गॅरेजवाल्या काकांपेक्षा जास्त काम देतो.

ज्याची गाडी फुटली त्याचं काय, हा प्रश्न त्याहून खरा आहे. कलम ५ प्रमाणे प्रोबेशन देतानाच कोर्ट त्या पोराला नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतं. हप्त्याहप्त्याने का होईना, पगारातून काच भरून मिळणं हे गाडीवाल्याला येरवड्यातल्या महिन्यांपेक्षा उपयोगी पडतं. पण त्यासाठी आधी पगार हवा.

म्हणून दोन मागण्या. ज्युनिअर वकील मित्रमैत्रिणींनो, कबुली देण्याआधी कलम ४ आणि ६ चा लेखी अर्ज टाका आणि अहवाल मागवा. अर्जाचा नमुना हवा असेल तर मी पाठवते. आणि गॅरेज, फॅब्रिकेशन, प्रेस, केटरिंग, नर्सरी असं काही चालवणाऱ्यांनो, एखादा असा पोरगा तुमच्या अटींवर ठेवायची तयारी असेल तर इनबॉक्समध्ये या. काम कुठलं, पगार किती, सुट्टी कुठल्या वारी, एवढं लिहा. कमेंटमध्ये कुणाचंही नाव किंवा केस नंबर टाकू नका, मी डिलीट करेन.