गोल्फ दोरीच्या अलीकडून पाहताना

व्यावसायिक गोल्फ स्पर्धा मैदानावर जाऊन पाहण्यात काही अर्थ नाही, घरी बसून टीव्हीवर त्याहून कितीतरी जास्त दिसते, असे माझ्या ओळखीतले बरेच क्रीडाप्रेमी ठामपणे सांगतात. वरवर पाहता त्यांचे म्हणणे बिनतोड वाटते. अठरा होल कित्येक एकरांवर पसरलेले असतात, शंभराहून अधिक खेळाडू दिवसभर एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी खेळत असतात आणि आपण जिथे उभे असतो तिथे त्यांतले तिघेच दिसतात. टीव्हीवर मात्र दर अर्ध्या मिनिटाला कोणीतरी पट, म्हणजे होलजवळचा हलका फटका, मारतो आणि चेंडू होलमध्ये जातो. तरीही माझे मत नेमके उलट झाले आहे. टीव्ही आपल्याला फटक्यांचा निकाल दाखवतो. खेळाडूने तो फटका का निवडला, त्याआधी त्याने कोणते दोन फटके मनातून काढून टाकले आणि कॅडीशी, म्हणजे त्याची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाशी, त्याचे काय बोलणे झाले, हे सारे प्रेक्षकांसाठी लावलेल्या दोरीच्या अलीकडे उभे राहिल्यावरच कळते. गोल्फ हा मुळात निर्णयांचा खेळ आहे आणि निर्णय पाहायचे तर खेळाडूबरोबर चालावे लागते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीच्या तोंडावर दिल्ली गोल्फ क्लबवर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली, तेव्हा मी तिथे गेलो होतो. खान मार्केटपासून हाकेच्या अंतरावर असलेला हा लोधी कोर्स भारतीय गोल्फचे जणू माहेरघर आहे. १९६४ साली पहिली इंडियन ओपन इथेच झाली आणि ती ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनने जिंकली. पुढे या कोर्सची नव्याने आखणीही त्यानेच केली. कॅडी म्हणून आयुष्याची सुरुवात केलेल्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली, तीही याच मैदानावर. जुन्या थडग्यांच्या घुमटांशेजारून फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचे पट्टे, जातात, मोर निर्धास्त फिरतात आणि दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांची अशी दाटी आहे की चेंडू आत गेला तर त्याच्यामागे जायलाही माणूस कचरतो. २०२५ मध्येच मास्टर्स जिंकून चारही मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या, स्पर्धा खात्यावर जमा केलेल्या रोरी मॅकलरॉयने या अरुंद फेअरवेवर ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, बाहेर काढणार नाही, असे आधीच सूचित केले होते. जगातल्या सर्वांत लांब मारणाऱ्यांपैकी एक खेळाडू आपले सर्वांत मोठे अस्त्र पिशवीतच ठेवतो, हे ऐकूनच या कोर्सची कल्पना यावी. स्पर्धा अखेर इंग्लंडच्या टॉमी फ्लीटवूडने २२ अंडर पारने, म्हणजे पार या ठरावीक फटक्यांपेक्षा बावीस कमी फटक्यांत, जिंकली.

मॅकलरॉयच्या गटामागे इतकी गर्दी होती की पुढच्या माणसांची डोकी आणि उंचावलेले मोबाईल यांपलीकडे फारसे काही दिसत नव्हते. एक-दोन होल तसे काढल्यावर मी तो गट सोडला आणि शुक्रवारी दुपारी ज्यांच्यामागे मोजून चार-पाच माणसे चालत होती अशा एका गटाबरोबर निघालो. त्यात एक तरुण भारतीय खेळाडू कटच्या रेषेवर होता. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: चार दिवसांच्या स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांनंतर साधारण निम्मे खेळाडू बाद होतात आणि त्यांना बक्षिसाच्या रकमेतून सहसा काहीच मिळत नाही. विमानभाडे, हॉटेल, कॅडीचे मानधन हा सगळा खर्च करून रिकाम्या हाताने घरी जायचे की शनिवार-रविवार खेळायचे, हे शुक्रवारी संध्याकाळी एखाद्या फटक्यावर ठरते.

या मुलाचा टीवरचा, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरचा, फटका उजवीकडे झुडपात गेला. आम्ही चौघे-पाच जण शोधायला धावलो आणि चेंडू एका झुडपाच्या मुळाशी, कोरड्या पानांवर सापडला. आता त्याच्यापुढे कोणते मार्ग होते ते पाहा. चेंडू खेळण्याजोगा नाही असे जाहीर करून एका फटक्याचा दंड घ्यायचा आणि दोन क्लबांच्या लांबीच्या आत तो टाकायचा, तर तेवढ्या अंतरातही काटेच होते. होल आणि चेंडू यांच्या रेषेत मागे जायचे, तर झुडपे आणखी दाट होत होती. टीवर परत जाऊन पुन्हा मारायचे, तर दंडासह तो तिसरा फटका ठरला असता. पुढे दोन झाडांमधून एक फट दिसत होती आणि त्यातून ग्रीनवरचा, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरचा, झेंडा स्पष्ट दिसत होता. खेळाडू बराच वेळ त्या फटीकडे पाहत राहिला. कॅडीने हलक्या आवाजात एवढेच म्हटले, "उधर मत देखो, पहले बाहर निकालो." मग तो गुडघ्यांवर बसला, क्लब अगदी खाली धरला आणि चेंडू आडवा, जेमतेम वीस-बावीस यार्ड, फेअरवेवर ढकलला. पुढचा फटका ग्रीनवर, पट थोडक्यात हुकला, बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त. एकच फटका गेला. स्कोअरच्या फलकावर ती एक साधी बोगी म्हणून लागली आणि कोणत्याही वाहिनीने ती दाखवली नसेल. पण मी पाहिलेला तो त्या दिवसाचा सर्वांत धाडसी फटका होता, कारण मोह आवरून तो मारला होता.

याच प्रसंगामुळे दुसरी एक गोष्ट मला फार ठळकपणे जाणवली, ती म्हणजे गोल्फमध्ये प्रेक्षक खेळाच्या बाहेर नसतो. चेंडू शोधायला आता तीनच मिनिटे मिळतात; २०१९ पूर्वी पाच मिळत. तीन मिनिटांत न सापडलेला चेंडू हरवला असे धरले जाते आणि दंडासह पुन्हा मूळ जागेवरून मारावे लागते. शोधायला प्रेक्षकांनी मदत करण्यास पूर्ण मुभा असते. ज्याच्यामागे दोन हजार माणसे आहेत त्याचा चेंडू कुठे पडला हे दोनशे जणांनी पाहिलेले असते, तर ज्याच्यामागे कोणीच नाही त्याला तो स्वतः, कॅडी आणि सोबतचे खेळाडू एवढ्यांवरच भागवावे लागते. मारलेला चेंडू चुकून प्रेक्षकाला लागला तर दंड नसतो आणि तो जिथे थांबेल तिथून खेळायचा असतो. म्हणजे ग्रीनच्या मागे उभी असलेली गर्दी अनेकदा भिंतीचे काम करते. अमेरिकेतल्या १९९९ च्या फिनिक्स ओपनमध्ये टायगर वूड्सच्या चेंडूपुढे आलेला भलामोठा दगड डझनभर प्रेक्षकांनी मिळून बाजूला ढकलला होता आणि तो दगड जमिनीत रुतलेला नसल्याने नियमांनुसार ते योग्य ठरले. एकट्या, अनामिक खेळाडूला तो दगड हलला असता का? म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की प्रेक्षकांनी दिवसातले काही तास तरी मोठी नावे सोडून लहान गटांबरोबर चालावे. त्यात आपला आनंद तर आहेच, शिवाय त्या खेळाडूला चार जादा डोळे मिळतात.

आणि जिथे प्रेक्षक इतका जवळ असतो तिथे त्याच्या वागण्याचे मोलही जास्त असते. फिनिक्सच्या सोळाव्या होलवर गोंगाट हीच परंपरा आहे आणि ती ठाऊक असूनच खेळाडू तिथे येतात. त्याला माझा आक्षेप नाही. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळ बेथपेज इथे झालेल्या रायडर कपमध्ये, म्हणजे अमेरिका आणि युरोप यांच्या सांघिक लढतीत, युरोपकडून खेळणाऱ्या मॅकलरॉयला ज्या शिव्या दिल्या गेल्या, त्याच्या पत्नीच्या अंगावर पेय उडवण्यापर्यंत ज्या थराला गर्दी गेली, ते पाहून खेळावर प्रेम करणाऱ्या कोणालाही लाज वाटावी. ऑगस्टा इथे मास्टर्सच्या वेळी मोबाईल आत नेताच येत नाही आणि मला तो नियम सर्वत्र हवा आहे. आपल्याकडे मार्शलने हात वर करूनही मोबाईलची रिंग वाजते, कोणीतरी खेळाडूच्या बॅकस्विंगमध्येच चालू लागते. दहा पावलांवर उभा असलेला माणूस वर्षभराच्या मेहनतीचा फटका मारत असताना दहा सेकंद स्थिर उभे राहणे एवढेच आपल्याकडून अपेक्षित असते.

टीव्हीचे ऋण मी नाकारत नाही. ७ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये अखेरची फेरी खेळत होती, तेव्हा ज्यांनी आयुष्यात गोल्फ पाहिले नव्हते अशी घरेच्या घरे बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) आणि पार यांचा हिशेब करत बसली होती. एका फटक्याने तिचे कांस्यपदक हुकले. महामारीमुळे त्या मैदानावर प्रेक्षकच नव्हते. तिची बॅग तिच्या आईने वाहिली होती आणि तिच्या प्रत्येक सुरेख पटनंतर दोरीपलीकडे टाळ्या वाजवायला कोणी नव्हते, याची हळहळ मला आजही वाटते.

त्याच ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने खेळला होता आणि अनिर्बान लाहिरीचा जन्मही पुण्याचाच. येरवड्यातल्या पूना क्लबच्या कोर्सवर भारतीय व्यावसायिक मालिकेतल्या स्पर्धा झाल्या आहेत, तरी शहराला त्यांचा पत्ताही नसतो. एरवी या क्लबांच्या भिंतीआड सामान्य माणसाला प्रवेश नसतो आणि स्पर्धेचा आठवडा हीच काय ती संधी असते. इंडियन ओपन २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ जिंकणारा एसएसपी चौरासिया हा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या ग्रीनकीपरचा मुलगा. भिंतीच्या आत वाढला म्हणून त्याला खेळ दिसला आणि दिसला म्हणून तो खेळला. तेव्हा आयोजकांनी पहिल्या दोन दिवशी जवळच्या शाळांतल्या मुलांना आत सोडावे, प्रत्येक गटामागे दहा-बारा मुले आणि खेळ समजावून सांगणारा एक जाणकार द्यावा. गुरुवारी सकाळी फेअरवेच्या कडेने जागा रिकामीच असते, त्यासाठी वेगळा खर्चही येणार नाही.