परदेशातून : बाहेरची बी

काही दिवसांपूर्वी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, निरोप आला : ‘भायरसून येणारी काजू बी बंद झाली तरच कोकण जगतला.’ चुलत्यांनी आणि भाच्यांनी त्याला लगोलग दुजोरा दिला. त्यानंतर दोनच निरोप सोडून त्याच दादाने मला विचारले होते की ब्रिटनशी मुक्त व्यापाराचा करार झाला आहे, तर आपला हापूस आता तिकडे जास्त जाईल ना? वेंगुर्ल्याजवळ आमची काजूची आणि थोडी आंब्याच्या कलमांची बाग आहे. मी सतरा वर्षे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये परिचारिका आहे. आपला माल जगाने घ्यावा आणि जगाचा माल आपल्या बंदरात उतरू नये, या दोन मागण्या एकाच माणसाने एकाच दिवशी कराव्यात, याचा मला आलेला राग अजून गेलेला नाही.

दादाचे दुखणे मात्र खरे आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत त्याची बी येते आणि नेमका तेव्हाच व्यापारी आफ्रिकेच्या स्वस्त बीचे नाव पुढे करून भाव पाडतो. कच्च्या काजूवरचे, म्हणजे बीवरचे, आयात शुल्क 2018 च्या अर्थसंकल्पात पाच टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आले. पुढच्याच वर्षी केंद्राने आयात होणाऱ्या काजूगराला किमान दर लावला, अख्ख्या गराला किलोमागे 720 रुपये आणि तुकड्याला 680. व्हिएतनामच्या स्वस्त गरापासून कारखान्यांना त्यामुळे आडोसा मिळाला. बी विकणारा बागायतदार तेवढा उघड्यावर राहिला. मुक्त व्यापाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हा भेद कधी नीट सांगितलेला मी ऐकलेला नाही.

पण त्याच घरात माझी वहिनी राहते, आणि ती काजूच्या कारखान्यात गराची साल काढते. मागच्या मे महिन्यात मी गेले तेव्हा ओटीवर बसून ती मला तिची बोटे दाखवत होती. पूर्वी बी फोडायच्या कामाला असताना तिच्या चिकाने काळी पडलेली कातडी सोलून पुन्हा आली होती आणि नखांच्या कडेला करडी रेघ कायमची राहिली होती. दादा आत जेवत होता. ती हळू आवाजात म्हणाली, ‘आफ्रिकेची बी इली नाय तर जूनाक आमचो कारखानो बंद, मगे मी खंय जातलंय?’ देशातले कारखाने जेवढी बी फोडतात, तिच्यातली निम्म्याहून अधिक आयव्हरी कोस्ट, टांझानिया, बेनिन अशा देशांतून येते. एका चुलीवर जेवणाऱ्या दोघांपैकी एकाचे नुकसान ज्या गोणीने होते, तिच्यावरच दुसऱ्याची पावसाळ्यातली मजुरी अवलंबून आहे. दादाचा निरोप ग्रुपवर आला. वहिनीचे म्हणणे आले नाही.

हापूसबद्दल तर दादाचा हिशेबच चुकला आहे. 24 जुलै 2025 ला झालेल्या करारात भारताच्या जवळजवळ सगळ्या मालावरचे ब्रिटिश शुल्क काढायचे ठरले, हे खरे; परंतु ताज्या आंब्यावर इथे आधीपासूनच शुल्क नव्हते. 1 मे 2014 पासून, ऐन हंगामात, युरोपीय संघाने (ब्रिटन तेव्हा त्यात होता) हापूस अडवला तो फळमाशीमुळे. पुढच्या वर्षी गरम पाण्याच्या प्रक्रियेची आणि तपासणीची व्यवस्था दाखवली तेव्हा दार उघडले. बंदीच्या त्या उन्हाळ्यात लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानांत मी पाकिस्तानी चौसा आंबा विकत घेतला, मुलीला तो आवडला, आणि मला अपराध केल्यासारखे वाटले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, 2021 च्या सुरुवातीला, ब्रिटिश कोळ्यांचा जिवंत शिंपला-खेकडाही आरोग्यप्रमाणपत्रांच्या घोळात युरोपच्या वाटेवर अडकला, आणि तेव्हाही शुल्क शून्यच होते.

दादा मला टिळकांची आठवण देतो. रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाचे नाव आमच्याकडे वादात शेवटचा शब्द असतो. ब्रिटिशांनी 1882 मध्ये लँकेशायरच्या कापडावरचे शुल्क काढले आणि 1896 मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली, त्याला मुक्त व्यापार म्हणणे ही लबाडीच होती, आणि स्वदेशी हे तिला दिलेले उत्तर होते. आजच्या करारावर मात्र आपलीच सही आहे. दूध आणि सफरचंद आपण त्यातून वगळूनही घेतले. आपले सरकार सफरचंदवाल्यासाठी हट्ट धरू शकते, तर काजूवाल्यासाठी का नाही, असे दादाने विचारले असते तर मी त्याच्या बाजूने उभी राहिले असते. आयातीच्या शुल्कातून येणारा पैसा बागायतदाराला पडत्या भावाच्या वर्षी थेट मिळावा, एवढी मागणी वहिनीची मजुरी न बुडवताही करता येते. बंदरच बंद करायचे म्हणणाऱ्याने हेही आठवावे की काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला, आणि हापूसच्या नावातही एक पोर्तुगीजच आहे.

इथवर लिहिले तेव्हा माझा राग नेमका कशाचा आहे, ते मला कळले. 2016 च्या जूनमध्ये, ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा का यावरच्या मतदानानंतरच्या आठवड्यात, वॉर्डमधल्या एका म्हाताऱ्या रुग्णाने मी त्याचा रक्तदाब मोजत असताना सांगितले की बाहेरून स्वस्त माणसे आणल्यामुळे त्याच्या नातीला नोकरी मिळत नाही. तो उद्धट नव्हता, नंतर त्याने माझे आभारही मानले. मी पट्टा सोडला, आकडा लिहिला आणि पुढच्या खाटेकडे गेले. ‘भायरसून येणारी’ हे दादाचे शब्द वाचताना मला बी दिसत नाही, त्या खाटेशेजारी उभी असलेली मी दिसते. दादाला हे सांगितले तर तो म्हणेल, ‘तुका काय, तू पौंडात पगार घेतंस’, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण बागेतला नवा पंप त्याच पौंडांतून आला आहे.

वहिनीने निघताना दोन किलो काजूगर बांधून दिले होते. ते पुडके मी अजून उघडलेले नाही. रोजच्या भाजीत मी सुपरमार्केटची पिशवी वापरते, जिच्या मागे व्हिएतनाम असे छापलेले असते.