पुन्हा कार्बोरेटरच साफ करायचा?

"गाडी सिग्नलला बंद पडते," एवढं म्हणून तोंड मिटायच्या आत मेकॅनिकचं निदान तयार: "कार्बोरेटर साफ करावा लागेल." म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. अहो, गेल्याच महिन्यात केलात ना? "पेट्रोलमध्ये कचरा येतो हो." बरं, मग पायलट जेट, म्हणजे गाडी उभी असताना पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, उजेडाकडे धरून बघितलंत? आरपार दिसतंय का? नाही. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधलं रबर तडकलंय का, तिथून हवा ओढतेय का? चालू गाडीत त्यावर क्लीनरचा फवारा मारायचा, रेस बदलली की गळती तिथेच. दोन मिनिटांचं काम! व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे इंजिनाच्या झडपेशी ठेवायची बारीक फट, तर यांच्या गावीही नाही. एकच रामबाण, आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीची रेस ठरवणारा, स्क्रू पिळा. मग पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला उभी गाडी पिठाच्या गिरणीसारखी धडधडते, आणि सिंहगड रोडच्या गर्दीत क्लच दाबला की पुन्हा फुस्स. मागे पीएमपीची बस हॉर्नवर झोपलेली.

वर सल्ला काय? "विका साहेब, बीएस ६ घ्या, त्यात कार्बोरेटरची कटकटच नाही." म्हणजे हा प्रदूषणाचा नवा नियम येण्याआधीच्या, २०२० च्या आधीच्या गाड्या काय मुठा नदीत सोडायच्या? आणि बिलात 'ट्युनिंग' वेगळं लावलंय. कसलं ट्युनिंग? गॅरेजच्या दारातच बंद पडली ना ती!