बारा मैलांपलीकडचं गाठोडं

रविवारी रात्री साडेदहाला मावशीचा फोन. "अरे, आमच्या पोराला धरलं तर जामीनच नाही म्हणे!" कोणी धरलं, कशासाठी? कोणीच धरलं नव्हतं. तिचा धाकटा गोव्यातल्या मालीम धक्क्यावरच्या एका ट्रॉलरवर खलाशी आहे, आणि कुठल्याशा ग्रुपवरून फिरत फिरत एक लांबलचक मेसेज तिच्या फोनवर येऊन पडला होता. 'समुद्रात ड्रग्ज सापडले, गरीब खलाशाला जामीन नाकारला, सत्य वाचा.' कुठल्या कोर्टाने, कोणत्या तारखेला, किती माल, पत्ता नाही. खाली पाच मुद्दे आणि शेवटी 'प्रत्येक दर्यावर्दीपर्यंत पोचवा'.

मी म्हापशाला एका वकिलाकडे एकोणीस वर्षं कारकुनी करतो. वकील नव्हे. पण एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालच्या, जामीनअर्जांची इतकी टायपिंग केली आहे की १९८५ च्या त्या कायद्याच्या आमच्या ऑफिसातल्या प्रतीची जामिनाबद्दलच्या कलम ३७ ची पानं सुटी झालीत, चिकटपट्टी लावून ठेवलीत. या लेखापुरतं तेच पुस्तक माझा साक्षीदार.

पहिला मुद्दा, आणि सगळा वैताग याच्यासाठीच: '१२ सागरी मैलांच्या पुढे भारताचा कायदा नाही, म्हणून तिथली अटक बेकायदा आणि जामीन हक्काचा.' मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण सोमवारी संध्याकाळी मालीमला गेलो, तर मावसभाऊ धक्क्यावर फाटकं जाळं सांधत बसलेला. सुई दातांत धरून मला विचारतो, "दादा, म्हणजे बारा मैलांपलीकडे गाठोडं तरंगताना मिळालं आणि उचललं, तर केस होत नाही ना?" अंगावर काटा आला. मेसेज लिहिणाऱ्याला कोर्टावर तोंडसुख घ्यायचं होतं. पोराने त्यातून धंद्याची सूचना घेतली.

पुस्तक उघडा. कलम १, पोटकलम २. अगदी पहिल्याच पानावर. हा कायदा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकालाही लागू आहे, आणि भारतात नोंदलेल्या जहाजावर असलेल्या प्रत्येकाला, ते जहाज कुठेही असो. म्हणजे गोव्याचा ट्रॉलर आणि त्यावरचा भारतीय खलाशी, बारा मैल काय आणि दोनशे मैल काय, कायदा त्याच्यासोबत होडीतच बसलेला असतो. ज्या दर्यावर्दींपर्यंत पोचवायला सांगितलंय, नेमक्या त्यांच्यासाठीच हा मुद्दा साफ खोटा आहे.

अर्धसत्य आहे, तेही सांगून टाकतो. झेंडा परदेशी, खलाशी परदेशी आणि जहाज खोल समुद्रात, अशा केसमध्ये हद्दीचा वाद खरा असतो. १९८८ च्या अमली पदार्थांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारात अशा जहाजाची झडती घ्यायला त्या झेंड्याच्या देशाची परवानगी मागण्याची रीत आहे. वकील यावर तासन्‌तास भांडतात. पण भांडायला मुद्दा असणं आणि दुसऱ्या दिवशी घरी येणं यात फरक आहे, बाबांनो.

आणि गाठोडी तरंगतात ही कल्पना नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर, कर्दे, लाडघर, केळशीकडे चरसची पाकिटं वाहून आली होती, अडीचशे किलोच्या वर. आपल्याकडे ऑगस्टच्या पहिल्या तारखेला मासेमारीबंदी उठते, तेच दिवस. चरसची कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे कायद्याने धंद्याचा माल मानलेलं प्रमाण, एक किलोपासून सुरू होते. एखादंच मोठं पाकीट घरी नेलं तरी दहा ते वीस वर्षांच्या शिक्षेचं कलम लागू शकतं.

दुसरा मुद्दा: 'खलाशाला माहीतच नव्हतं, तरी जामीन नाकारला, म्हणजे कोर्ट विकलं गेलं.' इतर बहुतेक गुन्ह्यांत जामीन हा नियम, तुरुंग अपवाद. इथे कलम ३७ ने ते उलटं केलंय. माल कमर्शियल असेल तर सरकारी वकिलाला विरोधाची संधी द्यावी लागते. त्याने विरोध केला तर आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे आणि बाहेर येऊन तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी कोर्टाला पटाव्या लागतात. मेथॅम्फेटामिन या अमली पदार्थाची ही मर्यादा फक्त ५० ग्रॅम आहे. मे २०२३ मध्ये कोचीजवळ समुद्रात नौदल आणि एनसीबीने (केंद्राच्या अमली पदार्थविरोधी पथकाने) पकडलेला माल सुमारे २,५०० किलो होता, म्हणजे मर्यादेच्या पन्नास हजार पट. असला माल पोटात घेतलेल्या जहाजावर 'मला ठाऊक नव्हतं' हे जामिनाच्या टप्प्यावर पटवणं किती जड, ते बघा. शिवाय कलम ३५ मुळे आरोपीला माहीत होतं असंच कोर्ट गृहीत धरतं, तसं नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं. स्वयंपाक्याच्या किंवा इंजिनवाल्याच्या बाबतीत हे फार कठोर आहे. माझ्या मते अन्यायकारकसुद्धा. पण तो राग संसदेवर काढा, न्यायाधीश विकला गेला म्हणू नका.

तिसऱ्या मुद्द्यात दोन गोष्टी. '९० दिवसांत चार्जशीट नाही आली की सुटका': कमर्शियल मालात १८० दिवस, आणि सरकारी वकिलाच्या अहवालावर कोर्ट ते वर्षापर्यंत नेऊ शकतं. 'झडतीला मॅजिस्ट्रेट नव्हता': कलम ५० माणसाच्या अंगझडतीबद्दल आहे, मासे ठेवायच्या खणाबद्दल नाही. पुढे.

चौथा, सगळ्यांना पटणारा: 'क्रूझवरच्या नटाच्या पोराला महिन्याभरात जामीन, गरीब सडतो.' ते क्रूझ २०२१ मध्ये मुंबईहून गोव्यालाच यायचं होतं, म्हणून इथे ही गोष्ट जास्त फिरते. त्या मुलाकडे काहीच सापडलं नव्हतं. मित्राकडे सहा ग्रॅम चरस होता. मे २०२२ च्या आरोपपत्रात तर मुलाचं नावही नव्हतं. सहा ग्रॅमची तुलना टनांशी? उलट मुंद्रा बंदरात २०२१ मध्ये सापडलेल्या जवळपास तीन टन हेरॉइनच्या केसमधला दिल्लीचा व्यावसायिक ऑगस्ट २०२२ पासून आत होता, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्याला जामीन दिला नाही. पैसा होता की!

तरी, नाइलाजाने मान्य करतो, पैशाने कोर्टाचं दार लवकर उघडतं. गरिबाचा अर्ज वकिलाच्या टेबलावर किती दिवस पडून राहतो ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार. म्हणूनच त्या मेसेजमध्ये जे असायला हवं होतं ते नाही: २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गांजाच्या केसमध्ये सात वर्षांहून जास्त आत असलेल्याला जामीन दिला आणि खटला विनाकारण रेंगाळला तर कलम ३७ आड येत नाही असं सांगितलं. खरंच कोणाचा पोर आत असेल तर हे वकिलाला विचारा.

पाचवा मुद्दा सरकार पाडण्याबद्दल होता. सोडून देतो.

मावसभावाला एवढंच सांगितलं: गाठोडं दिसलं तर हात लावू नको, जीपीएसचा पॉइंट लिहून घे, तांडेलाला (होडीच्या कप्तानाला) सांग आणि कोस्ट गार्डला १५५४ वर किंवा वायरलेसवर कळव. तो म्हणाला, "त्यात तास गेला तर मालक डिझेलवरून ओरडेल."

"ओरडू दे," म्हटलं. त्याने सुई परत दातांत धरली आणि गाठ ओढली.